ताकद कानाने मोजता येत नाही

दर काही महिन्यांनी राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून तेच छायाचित्र वर्तमानपत्रात येतं: रस्त्यावर ओळीने मांडलेले चकचकीत सायलेन्सर आणि त्यांच्यावरून फिरणारा रोडरोलर. बातमीत ‘कर्णकर्कश’ हा शब्द ठरलेला असतो, कारवाईत किती सायलेन्सर जप्त झाले तेही असतं. नसतो तो डेसिबलचा आकडा. त्यातला कोणता सायलेन्सर मर्यादेच्या किती वर होता, हे सहसा कुठेच लिहिलेलं नसतं, कारण बहुतेक वेळा ते मोजलेलंच नसतं. पकडणाऱ्याने कानाने आणि डोळ्याने ठरवलेलं असतं. ज्याने तो सायलेन्सर हौसेने बसवून घेतला त्यानेही कानानेच ठरवलेलं असतं, की आवाज भारदस्त झाला म्हणजे गाडी ताकदवान झाली. आणि ज्या गॅरेजमध्ये तो बसला तिथे ‘आता पिकअप वाढला’ हा निकालही थ्रॉटल दोनदा पिळून, ऐकूनच दिलेला असतो. मोटारसायकलचा एक्झॉस्ट बदलणं आणि त्याला जुळेल असं इंधनाचं मॅपिंग करणं हे वाईट काम नाही. अभियांत्रिकीतलं ते एक सुंदर आणि नाजूक काम आहे. पण ते सगळं मोजमापावर उभं आहे, आणि आपल्याकडे ते करणारे, करून घेणारे आणि त्यावर कारवाई करणारे असे सगळेच मापाशिवाय चालतात. नुकसान इथूनच सुरू होतं, असं मला वाटतं.

सायलेन्सर बदलला की गाडी पळते, हा समज मात्र उगाच पसरलेला नाही. त्याच्यामागे टू-स्ट्रोक इंजिनांचा खराखुरा इतिहास आहे. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने रेसिंगच्या इंजिनांसाठी एक्स्पान्शन चेंबर घडवला: आधी हळूहळू रुंदावत जाणारी आणि पुढे पुन्हा निमुळती होणारी नळी. टू-स्ट्रोक इंजिनात जळलेला वायू बाहेर जाण्याची आणि ताजं मिश्रण आत येण्याची वेळ जवळपास एकच असते, त्यामुळे ताज्या मिश्रणातलं बरंचसं न जळताच बाहेर निसटतं. काडेनच्या नळीच्या निमुळत्या टोकावर आपटून परत फिरणारी दाबाची लाट हे निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलत असे. १९६१ मध्ये त्याचं १२५ सीसीचं इंजिन २५ अश्वशक्ती देत होतं, म्हणजे लिटरमागे २००. त्याच वर्षी त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला मिळाला आणि ही विद्या जपानात पोचली. आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनलेली यामाहा आरएक्स १०० ही टू-स्ट्रोकच: ९८ सीसी आणि ११ अश्वशक्ती. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने आणलेल्या राजदूत ३५० चं उदाहरण त्याहून बोलकं आहे. तिची मूळ जपानी आवृत्ती सुमारे ३९ अश्वशक्तीची. भारतात तिचं ‘हाय टॉर्क’ रूप सुमारे ३१ चं आणि ‘लो टॉर्क’ रूप सुमारे २७ चं केलं गेलं, आणि ही कपात मुख्यतः वायू बाहेर जाण्याची वाट आवळून साधली होती. त्या पिढीतल्या मेकॅनिकांनी पाइप बदलून, पोर्ट घासून, कार्ब्युरेटरचं जेट मोठं करून गाड्या खरोखर पळवल्या. त्यांचा अनुभव खोटा नव्हता. पण तो ज्या यंत्राचा होता ते यंत्र आता रस्त्यावरून जवळजवळ गेलं आहे.

आजची मोटारसायकल फोर-स्ट्रोक आहे. तिच्यात जळलेला वायू बाहेर काढण्यासाठी पिस्टनची एक अख्खी खेप राखून ठेवलेली असते, त्यामुळे ताजं मिश्रण आत ढकलून देणाऱ्या नळीची तशी गरज उरत नाही. तरीही एक्झॉस्टचं काम संपत नाही, ते फक्त जास्त सूक्ष्म होतं. उदाहरणासाठी २०२१ पासूनची रॉयल एन्फिल्ड क्लासिक ३५० घेऊ: ३४९ सीसीचा एकच सिलिंडर, ६१०० आरपीएमला २०.२ अश्वशक्ती, ४००० आरपीएमला २७ न्यूटनमीटर टॉर्क. अशा इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्याबरोबर कोंडलेला वायू सुटतो आणि दाबाची एक लाट नळीतून धावत जाते. नळी जिथे एकदम रुंदावते, म्हणजे सायलेन्सरच्या तोंडाशी, तिथून ती लाट उलट्या चिन्हाने, कमी दाबाची होऊन परत फिरते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायच्या आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडायच्या बेताला, दोन्ही क्षणभर उघडे असताना ही कमी दाबाची लाट सिलिंडरपाशी पोचली, तर ती उरलासुरला जळका वायू ओढून काढते आणि ताजी हवा आत यायला मदत करते. अवेळी पोचली, तर उलट अडवते. व्हॉल्व्ह उघडल्यापासून या क्षणापर्यंत क्रँक साधारण २३० अंश फिरतो. ४००० आरपीएमला त्याला ९.६ मिलिसेकंद लागतात. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात लाटेचा प्रवास होतो पावणेपाच मीटरच्या आसपास. ६००० आरपीएमला तेवढ्याच अंशांना ६.४ मिलिसेकंद मिळतात आणि प्रवास होतो सव्वातीन मीटरच्या आत. नळी मात्र तेवढीच राहते. म्हणून कुठलाही एक्झॉस्ट सगळ्या वेगांना सारखा लाभत नाही. एका पट्ट्यात तो देतो, दुसऱ्या पट्ट्यात काढून घेतो. कोणत्या पट्ट्यात द्यायचं हे रचनाकार नळीची लांबी, व्यास आणि सायलेन्सरच्या पोटातले कप्पे यांवरून ठरवतो. पुण्याच्या बजाज कंपनीने आपल्या काही गाड्यांच्या बेंड पाइपला जोडलेला ‘एक्झॉस्टेक’ नावाचा छोटा डबा हा असाच, कमी आरपीएमला ओढ वाढवण्यासाठी केलेला हिशेब होता.

गॅरेजमध्ये याच गोष्टीला ‘बॅक प्रेशर’ म्हणतात आणि ‘फोर-स्ट्रोकला थोडं बॅक प्रेशर लागतंच’ असं सांगतात. हे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यामागचं सांगितलं जाणारं कारण चुकीचं आहे. इंजिनाला अडथळा कधीच नको असतो. त्याला वायूचा वेग टिकलेला हवा असतो आणि लाट वेळेवर परत आलेली हवी असते. मोकळी, रुंद नळी बसवल्यावर गर्दीतल्या वेगाला गाडी मरगळते, कारण वायू संथ होतो, लाटेची वेळ चुकते आणि त्यात इंधनाचं प्रमाणही बिघडलेलं असतं. दिवसातला बहुतेक वेळ जी गाडी २५०० ते ४००० आरपीएममध्ये चालते, तिचा तोच पट्टा कमजोर करून ५५०० च्या पुढे थोडीफार कमाई करणं हा शहरातल्या स्वारासाठी तोट्याचा व्यवहार आहे. आणि हा तोटा आवाजात ऐकू येत नाही. उलट मोकळ्या नळीचा आवाज या पट्ट्यातही दणदणीत असतो, त्यामुळे कान मनाला सांगतो की ताकद वाढली.

आता इंधनाकडे येऊ, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. ४००० आरपीएमला थ्रॉटल पूर्ण उघडला असताना ३४९ सीसीच्या सिलिंडरमध्ये एका खेपेला फार तर ०.४ ग्रॅम हवा भरते. पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. म्हणजे एका स्फोटासाठी लागणारं पेट्रोल झालं सुमारे २७ मिलिग्रॅम, आणि असे स्फोट मिनिटाला २०००. या २७ मिलिग्रॅममध्ये तीन मिलिग्रॅम कमी पडले तर मिश्रण साधारण दहा टक्के ‘लीन’ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. तीन मिलिग्रॅम जास्त झाले तर ‘रिच’. हा हिशेब पूर्वी कार्ब्युरेटर आपल्या परीने, पितळेच्या जेटच्या छिद्रातून करत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर जवळपास सगळ्या मोटारसायकलींमध्ये तो इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे, ईसीयूकडे गेला. ईसीयूच्या स्मृतीत एक मोठं कोष्टक असतं. त्याच्या एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटलचं उघडणं किंवा इनटेकमधला दाब, आणि प्रत्येक चौकटीत इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा त्याचा आकडा. यालाच मॅप म्हणतात. इंजिनाचं तापमान, बाहेरची हवा आणि बॅटरीचा व्होल्टेज यांच्या दुरुस्त्या त्यावर चढतात. शिवाय एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. मिश्रण बरोबर १४.७ च्या आसपास असताना त्याचा व्होल्टेज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उडी मारतो, आणि ती उडी पाहून ईसीयू इंधन सतत थोडं कमी-जास्त करत राहतो. पण ही राखण फक्त संथ, स्थिर चालीत असते. थ्रॉटल पूर्ण उघडला की ईसीयू बहुधा सेन्सरकडे बघणं थांबवतो आणि कोष्टकातल्या आकड्यावर पूर्ण विश्वास टाकतो.

हा विश्वास ज्या गाडीवर तो मॅप तयार झाला त्या गाडीपुरताच बरोबर असतो. कारखान्यातल्या अभियंत्यांनी विशिष्ट एअर फिल्टर, विशिष्ट नळी, विशिष्ट सायलेन्सर लावून प्रत्येक चौकट भरलेली असते. सायलेन्सर बदलला की सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेचं प्रमाण काही चौकटींत वाढतं, काहींत घटतं, आणि कोष्टकाला याची खबर नसते. संथ चालीत सेन्सर ते सावरतो, जोरात चालवताना सावरत नाही. म्हणून ज्या वेळी इंजिनावर सर्वाधिक भार आहे नेमक्या त्याच वेळी मिश्रण लीन राहण्याचा धोका असतो. लीन मिश्रण जास्त तापतं, इंजिनात ठोके पडतात, प्लगचं टोक पांढरं पडतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अकाली खराब होतो. यात आणखी एक किरकोळ दिसणारी गोष्ट असते: बेंड पाइप आणि सिलिंडर हेड यांच्यामधलं पॅकिंग. नवा पाइप बसवताना जुनंच चेपलेलं पॅकिंग पुन्हा लावलं, तर त्या केसाएवढ्या फटीतून बाहेरची हवा नळीत ओढली जाते. सेन्सरला तो जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू समजतो मिश्रण लीन आहे आणि गरज नसताना इंधन वाढवतो. मग ॲव्हरेज पडतं, गाडी झटके मारते, थ्रॉटल सोडल्यावर नळीत फटाके फुटतात. हे फटाके म्हणजे न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटणं आहे, आणि ते ऐकून अनेक तरुणांना वाटतं गाडी रेसिंगची झाली. काही ठिकाणी तर मॅपमध्ये ठिणगी मुद्दाम उशिरा टाकून हे फटाके विकत दिले जातात. त्यात इंजिनाचं काम सिलिंडरऐवजी नळीत होतं, आणि पैसे मोजून ताकद घालवली जाते.

मग हे काम नीट कसं होतं? नीट काम करणारा ट्यूनर काहीही उघडण्याआधी मूळ गाडी डायनोवर चढवतो. मागचं चाक जड ड्रमवर फिरतं आणि ड्रमला वेग किती लवकर येतो त्यावरून चाकापाशी किती ताकद पोचते त्याचा आलेख निघतो. नळीत वाइड-बँड सेन्सर बसवला जातो. तो मिश्रण बरोबर आहे की नाही एवढंच सांगत नाही, तर १३.२ आहे की १५.१ आहे ते आकड्यात सांगतो. त्यानंतर नवा एक्झॉस्ट, नवं पॅकिंग, आणि मग कोष्टकातली एकेक चौकट. ३५०० आरपीएमला थ्रॉटल एक चतुर्थांश धरून ठेवायचा, सेन्सरचा आकडा वाचायचा, इंजेक्टरची वेळ दुरुस्त करायची, पुढच्या चौकटीवर जायचं. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण १२.५ ते १३ च्या दरम्यान आणायचं, कारण सर्वाधिक ताकद तिथे मिळते. स्थिर चालीत ते १४.७ पाशीच ठेवायचं. हे बदल ईसीयूमधला मॅपच नव्याने लिहून करता येतात, किंवा इंजेक्टर आणि ईसीयू यांच्यामध्ये एक वेगळं यंत्र जोडून. डायनोजेटचं पॉवर कमांडर किंवा बेंगळुरूचं पॉवरट्रॉनिक ही अशा जोडयंत्रांची परिचित उदाहरणं. पण यंत्र विकत आणून त्याच्यासोबत आलेला तयार मॅप टाकणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे. तो मॅप दुसऱ्या गाडीवर, दुसऱ्या हवेत, दुसऱ्या पेट्रोलवर बनलेला असतो. काम झाल्यावर ग्राहकाच्या हातात दोन आलेख पडले पाहिजेत, बदलाआधीचा आणि बदलानंतरचा, एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये, शक्यतो एकाच दिवशी काढलेले, आणि खाली मिश्रणाची रेघ. जे गॅरेज हे देत नाही, त्याने काय केलं हे त्यालाही ठाऊक नसतं. आणि हे सगळं नीट करूनही साडेतीनशे-चारशे सीसीच्या गाडीत साधारणतः पदरात पडते ती एक-दोन अश्वशक्ती आणि थोडी सुधारलेली थ्रॉटलची लय. ही लय मोलाची आहे. पण ‘गाडी वेगळीच झाली’ या दाव्याला तो आलेख फारसा दुजोरा देत नाही.

यावर जाणकार स्वारांचा एक आक्षेप असतो आणि तो मी हलका मानत नाही. ते म्हणतात, कंपनीचा मॅप काही इंजिनाच्या भल्यासाठी केलेला नसतो, तो प्रदूषणाच्या चाचणीसाठी केलेला असतो. म्हणून गाडी कमी वेगात झटके मारते, उन्हाळ्यात तापते, आणि रिमॅप केल्यावर सुधारते. यात तथ्य आहे. बीएस-६ मध्ये मोटारसायकलला किलोमीटरमागे एक ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि ०.०६ ग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइड्स एवढीच मुभा आहे. त्यासाठी मिश्रण बराच काळ १४.७ ला घट्ट धरावं लागतं, आणि एका सिलिंडरचं इंजिन कमी वेगात त्या मिश्रणावर थोडं खडबडीत चालतं. किंचित रिच केलं की ते गुळगुळीत होतं, हेही खरं. पण याच आक्षेपातून माझाच मुद्दा बळकट होतो. कंपनीचा मॅप अनेक गरजांमधली तडजोड असेल, तर तो बदलणाऱ्याला त्यातली प्रत्येक गरज ठाऊक हवी. पेट्रोलचंच पाहा. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट, म्हणून २० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० ला सुमारे १३.५. तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन टाकावं लागतं. काही वर्षांपूर्वीच्या पेट्रोलवर डोळ्यांत तेल घालून केलेला मॅपसुद्धा आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर, पूर्ण थ्रॉटलला, लीन ठरू शकतो. हवेचंही तसंच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण पाच-सहा टक्के विरळ. महाबळेश्वरला ती बारा-तेरा टक्के विरळ होते, आणि दरवर्षी महाराष्ट्रातून हौशी स्वार जिथे जातात त्या खारदुंग ला खिंडीत, ५३५९ मीटरवर, समुद्रसपाटीच्या साधारण ५५ ते ६० टक्केच उरते. कंपनीचा ईसीयू दाब मोजून याची भरपाई करतो. फक्त थ्रॉटल आणि आरपीएम पाहून, ठरलेलं इंधन वाढवणारं स्वस्त जोडयंत्र ती भरपाई जाणत नाही, आणि त्या उंचीवर गाडी काळा धूर ओकत गुदमरू शकते.

याहून गंभीर प्रश्न कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा आहे, ज्याला गॅरेजमध्ये ‘कॅटकॉन’ किंवा नुसती ‘जाळी’ म्हणतात. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक कप्प्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ लेप दिलेला असतो. तापल्यावर तो कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स या तिन्हींचा बहुतांश भाग निरुपद्रवी वायूंमध्ये बदलतो. अट एकच, मिश्रण १४.७ च्या अरुंद पट्ट्यात हवं. हा कॅटकॉन कुठे बेंड पाइपमध्ये असतो, कुठे सायलेन्सरच्या पोटात. फक्त मागचा डबा बदलला, म्हणजे स्लिप-ऑन बसवला, तर काही गाड्यांत तो शाबूत राहतो. ‘फुल सिस्टिम’ बसवली किंवा ‘जाळी काढून’ घेतली की तो जातो. त्यातून मिळणारी ताकद जेमतेम, पण सिग्नलला त्या गाडीच्या मागे उभ्या असलेल्या रिक्षातल्या लहान मुलाच्या श्वासात जाणारं विष कितीतरी पटींनी वाढतं. पीयूसीची चाचणी गाडी उभी असताना, नुसत्या आयडलवर होते, म्हणून थ्रॉटल उघडल्यावर काय बाहेर पडतं ते त्या प्रमाणपत्रात येत नाही. पीयूसी पास झाली म्हणजे गाडी स्वच्छ, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. ‘ट्रक आणि डिझेल जनरेटर यापेक्षा जास्त धूर सोडतात’ हा दुसरा युक्तिवाद. सोडतात, आणि त्यांच्यावरही कारवाई व्हावी. त्यांचा धूर आपल्या धुराची सूट ठरत नाही.

आवाजाच्या बाजूने एक दावा सुरक्षिततेचाही केला जातो: मोठा आवाज असला की मोटारींना आपण कळतो, जीव वाचतो. हे ऐकायला पटतं. पण १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन केलेल्या अभ्यासात एक गोष्ट स्पष्ट दिसली. तीन चतुर्थांशाहून जास्त अपघातांत धोका स्वाराच्या नाकासमोरून, दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आतूनच आलेला होता. सायलेन्सरचं तोंड असतं मागे, आणि आवाजाचा मोठा वाटा जातो तिकडेच. पुढून वळण घेणाऱ्या, काचा बंद करून बसलेल्या चालकाला तो फार उशिरा कळतो. त्याच्यापेक्षा पेटता दिवा आणि ठळक रंगाचं जॅकेट जास्त कामाचं. मागच्या गल्लीतल्या घरांना मात्र तो आवाज पूर्ण ऐकू येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला, चालत्या गाडीपासून साडेसात मीटरवर मोजलेला आवाज ८० डेसिबलपेक्षा जास्त चालत नाही. ८० ते १७५ सीसीला ही मर्यादा ७७ आहे. डेसिबलचं माप चढत्या पटींचं असल्यामुळे ९० डेसिबलमध्ये ८० पेक्षा दहापट ध्वनिऊर्जा असते आणि कानाला तो जवळजवळ दुप्पट वाटतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरवून दिले आहेत. रात्री अकराला एखादी मोकळी नळी आजारी माणसाच्या खिडकीखालून गेली की त्या आकड्याचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

कायदा या बाबतीत ढोबळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ तसाच कडक लावला. आवाज आणि प्रदूषणाच्या मानकांचं उल्लंघन केल्यास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्यासाठी अपात्रता अशी शिक्षा आहे. मर्यादा ओलांडणाऱ्याला ती व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बाहेरच्या कुठल्याही सायलेन्सरला, तो मर्यादेत असला तरी, रस्त्यावर आणण्याची सोपी आणि मान्य वाट सामान्य ग्राहकासमोर नाही. त्यामुळे कॅटकॉन राखणारा, शांत, नीट बनवलेला डबा आणि बाजारातल्या मोकळ्या नळकांड्या एकाच ढिगात येतात, आणि निवड करणाऱ्याला चांगली निवड करण्याचं कारण उरत नाही. सगळंच बेकायदा, तर मग मोठा आवाज का नको, हा तरुणाचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

इतर देशांनी यावर मार्ग काढलेला आहे. युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतला ९२ वा नियम खास मोटारसायकलींच्या बिगर-मूळ सायलेन्सरांसाठी आहे. त्यानुसार चाचणी झालेल्या डब्यावर मंजुरीचं चिन्ह कोरलेलं असतं. जपानात जेएमसीए ही संस्था सायलेन्सर तपासून त्यावर प्रमाणपट्टी लावते. कॅलिफोर्नियात हवा नियामक मंडळ धुरावर परिणाम करणाऱ्या सुट्या भागांना, ते प्रदूषण वाढवत नाहीत हे सिद्ध झाल्यावर, आदेश क्रमांक देतं. आपल्याकडे यासाठी लागणारी यंत्रणा शून्यातून उभी करायची गरज नाही. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था काम करते. देशातल्या गाड्यांच्या धुराची आणि आवाजाची मान्यता-चाचणी करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी ती एक आहे. अमुक गाडीसाठी, अमुक मॅपसह, कॅटकॉन राखून बनवलेला सायलेन्सर तिथे तपासून त्याला क्रमांक देता येईल आणि तो डब्यावर कोरता येईल. अशाने प्रामाणिक उत्पादकाला बाजार मिळेल आणि ट्यूनरलाही आपलं काम लपवून करावं लागणार नाही.

असा मार्ग काढला तर पळवाटा निघतील, क्रमांक एका डब्याचा आणि आतली जाळी काढलेली असं होईल, ही शंका रास्त आहे. युरोपातही तसं होतं. म्हणूनच तिथे रस्त्यावरच्या तपासणीसाठी उभ्या गाडीची वेगळी पद्धत आहे: नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत माइक धरायचा, इंजिन ठरावीक आरपीएमला न्यायचं आणि आलेला आकडा गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. ज्या गाड्यांची सर्वाधिक ताकद ५००० आरपीएमच्या वर मिळते त्यांची तपासणी त्याच्या निम्म्या आरपीएमला होते, म्हणजे वर घेतलेल्या क्लासिकसाठी ३०५० ला. उभ्या वाहनाचा आवाज मोजण्याचं भारतीय मानकही, आयएस १०३९९, आधीपासून उपलब्ध आहे. त्यासाठी लागणारा ध्वनिमापक वाहतूक शाखेच्या कुठल्याही गाडीत मावतो, आणि प्रत्येक मॉडेलचा मूळ आकडा नोंदणी प्रमाणपत्रावर छापायला एक ओळ पुरते.